बाराव्या मैलावर वादळ

मार्च लागला की आमच्या शाळेत
भिंतीवरून नदी वाहते.
दुकानातल्या खाकी पिशव्या उसवून
मीच चिकटवते ती, दारापासून हीटरपर्यंत.
एक पान वाचलं की एक मैल.
प्रत्येक पोराची पुठ्ठ्याची स्लेज,
पुढे टाचणीला बांधलेली कुत्री,
आणि शेवटी, हीटरच्या वर,
सुपाच्या डब्याचा कंदील, लाल जिलेटीनचा.
शेवटचा पोचेपर्यंत तो विझवायचा नाही.

खरी शर्यत गावातून जाते रात्री दोनला,
गोठलेल्या युकॉनवरून,
कपाळावर दिवे, दाढ्यांवर बर्फ,
कुत्र्यांच्या पायांत रंगीत मोजे.
सकाळी पोरं वाटेत गळलेले मोजे वेचून आणतात
आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवतात.

त्या वर्षी रेना आठवड्यात दोनशे मैल गेली.
जुळे भाऊ भांडत भांडत तिच्या मागे.
क्लेटस बाराव्या मैलावर.
मंगळवारी बारा. शुक्रवारी बारा.
विचारलं तर म्हणाला, "वादळ आहे. थांबलोय."
वादळात थांबलेल्याला
आमच्याकडे कोणी आळशी म्हणत नाही.
मीही म्हटलं नाही.

मग एका संध्याकाळी, उणे तीसमध्ये,
त्याच्या आजोबांकडे करवत परत द्यायला गेले.
मागे कुत्र्यांच्या खुंट्यांपाशी
उलट्या बादलीवर क्लेटस,
हातमोज्यातलं बोट शब्दाखाली,
मांडीवर बोटीच्या इंजिनाचं माहितीपुस्तक.
"स्पा... स्पार्क... प्लग काढण्या...
काढण्यापूर्वी..."
तो अडला की अकरा कुत्री थांबायची.
कोणी हसलं नाही.
कोणी पुढचा शब्द पुरवला नाही.
आंधळी डचेस, एके काळची म्होरकी,
कान त्याच्याकडे लावून बसलेली,
जशी पूर्वी
बर्फाखालची वाट ऐकायची.

मी करवत भिंतीला टेकवली
आणि आवाज न करता निघाले.
बुटांखालचा बर्फ मात्र करकरलाच.

सोमवारी त्याची वही आली.
पालकाच्या सहीच्या जागी
माशाच्या रश्शात बुडवलेला पंजा,
एकोणतीस ओळी, एकोणतीस पंजे.
आजोबांना सही येते हो.
पण ते म्हणाले म्हणे,
"मी कुठं ऐकलं? तिनं ऐकलं. तिलाच विचारा."

वर्गभर सामन माशाचा वास
आणि त्यात आमची पंचायत.
रेना म्हणाली, नियमात पालक लिहिलंय.
शिवाय इंजिनाचं पुस्तक हे काय पुस्तक आहे?
मला नियम आठवत होता, तो मीच लिहिला होता,
म्हणून मी खडू शोधत राहिले.
तेवढ्यात जुळ्यांतला एक, बहुतेक धाकटा, म्हणाला,
"पण स्लेज ओढतं कोण?
माणूस तर नुसता मागं उभा असतो."
रेनानं बराच वेळ विचार केला.
मग तिनंच उठून
क्लेटसची टाचणी उपटली
आणि मैल मोजत, एकेक, पुढे नेऊन रोवली.

खरी शर्यत केव्हाच संपली.
बक्षिसं वाटली, विमानं परतली,
वाटेवरचे मोजेसुद्धा संपले.
कंदिलातल्या बॅटरीचे सेल मी तीनदा बदलले.
मे महिन्यात, नदीचा बर्फ
तोफेसारखा फुटत असताना,
कागदी नदीचेही कोपरे सुटायला लागले होते.
क्लेटस शेवटच्या पानावर पोचला.
त्यावर हमीच्या अटी होत्या.
उभं राहून त्यानं त्या सगळ्या वाचल्या,
"पाणी शिरल्यास कंपनी जबाबदार नाही" इथपर्यंत,
न अडखळता नाही,
पण न थांबता.

मग स्टुलावर चढून
त्यानं कंदिलाचं बटण दाबलं.
टाळ्या पडल्या, त्याला त्या आवडल्या नसाव्यात.
खाली उतरण्याआधी
तो वळला आणि साऱ्या भिंतीवरून
दारापर्यंत नजर टाकली,
मागून अजून कोणी येतंय का म्हणून.